तांब्याचं लाल, तांब्याचं हिरवं

एकाच बादलीतलं ग्लेझ (मातीच्या भांड्यावरचा काचेसारखा लेप), गॅसची एकच भट्टी, तरी एक वाडगा हिरवा आणि दुसरा लाल निघाला, असं का, हा तुमचा प्रश्न. ग्लेझ बिघडलेलं नाही. तुमच्या ग्लेझमध्ये तांबं आहे आणि तांबं भट्टीतल्या हवेप्रमाणे रंग बदलतं. भरपूर ऑक्सिजन मिळाला की हिरवं. हवा कोंडून ज्वाला धुरकट ठेवली, की ती ग्लेझमधल्या ऑक्साइडचाच ऑक्सिजन ओढून घेते आणि काचेत तांब्याचे अतिसूक्ष्म कण उरतात. लाल दिसतात ते हेच कण. भट्टीत सगळीकडे हवा सारखी नसते, म्हणून वरच्या आणि खालच्या फळीत एवढा फरक पडतो.

लाल हवं असेल तर तांबं कमीच घाला. कॉपर कार्बोनेट अर्धा टक्का पुरतं, सोबत १ टक्का टिन ऑक्साइड. रिडक्शन, म्हणजे हवा कोंडून धुरकट ज्वालेत भाजणं, मात्र ग्लेझ वितळायच्या आधीच सुरू करा. पृष्ठभाग वितळून बंद झाला की आतपर्यंत फारसं काही पोचत नाही. थर जाडसर द्या. काठावर तो पातळ होऊन पांढरट रेघ उमटते. मला ती फार सुंदर वाटते, ती घालवायच्या मागे लागू नका.

तांब्याची वाफही होते, शेजारच्या पांढऱ्या भांड्यावर गुलाबी छटा येते. अंतर ठेवा.

आणि कळकळीची विनंती: शिसं असलेल्या ग्लेझमध्ये तांबं मिसळून जेवणाची भांडी करू नका. तांब्यामुळे शिसं आंबट पदार्थात आणखी जास्त उतरतं.