13 ते 16 वयाच्या 400 मुलांना नैराश्याची प्रश्नावली द्यायची आहे, आधी काय तयारी हवी?

शालेय_समुपदेशन
400 मुलं, पूर्णवेळ समुपदेशक एक. व्यवस्थापनाचं म्हणणं, पीएचक्यू-ए (किशोरवयीनांसाठीची नऊ प्रश्नांची नैराश्याची प्रश्नावली) एकाच दिवशी सगळ्यांना द्यावी आणि 11 किंवा जास्त गुण आले की पालकांना पत्र पाठवावं. कागदावर नाव घ्यावं की नाही यावर मतभेद आहेत. सौम्य त्रास असलेल्यांसाठी शाळेतच काय करता येतं?

मनोचिकित्सा_बालविभाग
एका दिवशी सगळ्यांना नको. हिशोब करून बघा. 11 गुणांची रेघ धरली तर ही प्रश्नावली नैराश्य असलेल्या दहापैकी साधारण नऊ जणांना पकडते, पण नैराश्य नसलेल्या शंभरातल्या 22-23 जणांनाही पकडते. 400 मध्ये 20 जणांना खरंच नैराश्य आहे असं धरा. त्यातले 18 सापडतील आणि त्यांच्याबरोबर 85 मुलं उगाच यादीत येतील. प्रत्येकी अर्धा तास बोलायचं म्हटलं तर पन्नास तास झाले. तोवर ज्याला खरी गरज आहे तो रांगेत ताटकळणार. एका वेळी एकच वर्ग घ्या. 40 मुलांमागे दहाएक मुलाखती निघतात, त्या आठवड्यात आटपतात.

नाव हवंच. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे खूण आहे आणि नाव नाही, तर ते मूल शोधणार कसं? कागद गोळा झाले की बेरीज बाजूला ठेवा, आधी प्रत्येकाचा नववा प्रश्न बघा, त्याच तासाला. म्हणून प्रश्नावली आठवड्याच्या सुरुवातीला, सकाळी द्यायची. सुट्टीच्या आदल्या दिवशी कधीच नाही. पालकांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार आधी घ्या.

गुणांवरून थेट पालकांना पत्र पाठवू नका. गुण म्हणजे निदान नव्हे. आधी मुलाशी बोला, मग पालकांना समोर बसवून सांगा.

वर्गशिक्षक_प्रशिक्षण
प्रश्नावलीच्या आधी हजेरीपट उघडा. मागच्या तीन महिन्यांत पहिल्या तासाला उशीर वाढलाय का, पोट किंवा डोकं दुखतंय म्हणून वर्गाबाहेर जाणं वाढलंय का, वह्या मध्येच कोऱ्या राहू लागल्यात का? या वयात नैराश्य नेहमी रडक्या चेहऱ्याने येत नाही, चिडचिडीच्या रूपानेही येतं. त्यामुळे ‘उद्धट झालाय’ हा शेरा मिळालेलं मूल हमखास नजरेतून सुटतं. वागणं दोन आठवडे टिकून आहे आणि आधीपेक्षा वेगळं आहे, एवढंच शिक्षकाने टिपायचं. आजाराचं नाव देणं त्याचं काम नाही.

आणि फक्त शिक्षकांच्या प्रशिक्षणावर विसंबू नका. युरोपातल्या 10 देशांत 168 शाळांमध्ये झालेल्या, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सेयले’ चाचणीत शिक्षकांचं प्रशिक्षण आणि चाळणी (प्रश्नावलीने धोक्यातली मुलं शोधणं) या दोन्हींनी आत्महत्येचे प्रयत्न ठळकपणे कमी झाले नाहीत. ते कमी झाले थेट मुलांसोबत घेतलेल्या सत्रांनी.

वर्तनोपचार
सौम्य त्रासासाठी वर्तन-सक्रियता (बरं वाटायला लावणाऱ्या छोट्या कृती हळूहळू वाढवणं) शाळेत जमते: आठवड्याला एक सत्र, 40 मिनिटं, सहा ते आठ आठवडे. पहिल्या आठवड्यात फक्त तक्ता भरायचा: कोणत्या वेळी काय केलं आणि मन कसं होतं, 0 ते 10. दुसऱ्या आठवड्यापासून तक्त्यात आकडा जिथे जरा वर गेला तिथलीच एक कृती वाढवायची. ती इतकी लहान हवी की वाईट दिवशीही होईल. ‘रोज तासभर व्यायाम’ तिसऱ्या दिवशी मोडतो आणि मूल म्हणतं, बघा, मला काहीच जमत नाही. ‘जेवण झाल्यावर दहा मिनिटं चालणं’ टिकतं. बरं वाटलं की करीन, असं मूल म्हणणारच. त्याला सांगायचं, आधी करायचं, बरं वाटणं मागून येतं.

सत्र दर वेळी वेगळ्या तासाला ठेवा, खेळाचा तास मात्र घेऊ नका. चार आठवड्यांत फरक नसेल, गुण 15 च्या वर असतील किंवा शाळा, झोप, खाणं कोलमडलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा.

शालेय_समुपदेशन
नवव्या प्रश्नावर खूण आली तर त्या तासात नेमकं काय करायचं? विचारल्याने डोक्यात विचार घातला जाईल, अशी शिक्षकांना भीती वाटते.

मनोचिकित्सा_बालविभाग
विचारल्याने तो विचार येत नाही. बंद खोलीत, शांतपणे, सरळ शब्दांत विचारा: मरून जावं असं वाटतं का? कसं, ते ठरवलंय का? ते साधन हाताशी आहे का? आधी कधी प्रयत्न झालाय का? ‘असलं काही मनात नाही ना?’ असं विचारू नका, त्याला उत्तर ‘नाही’च येतं.

गुप्ततेचं वचन कधी देऊ नका. हे पालकांना सांगावं लागेल, ते मुलाला आधीच सांगा आणि कसं सांगायचं ते त्याच्याबरोबर ठरवा. बेत किंवा साधन असेल तर क्षणभरही एकटं सोडू नका, पालकांना बोलावून त्याच दिवशी रुग्णालयात न्या. घरातल्या गोळ्या, विषारी औषधं कुलपात ठेवायला पालकांना स्पष्ट शब्दांत सांगा.

डॉक्टरांनी फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध सुरू केलं तर परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या काही आठवड्यांत अस्वस्थता, झोप उडणं किंवा मरणाचे विचार वाढू शकतात, म्हणून त्या काळात मुलाला दर आठवड्याला भेटा. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, हे पालकांकडून वदवून घ्या.