मदत हवी आहे: मुलाची ट्रान्सप्लांट केलेली किडनी, बायोप्सी आणि रक्तातल्या डीएनएची तपासणी

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होतो, पहिल्यांदाच लिहितोय. सांभाळून घ्या.

मुलगा ७ वर्षांचा. जन्मतःच लघवीच्या वाटेत पडदा (पीयूव्ही) होता, त्यात दोन्ही किडन्या गेल्या. दोन वर्षांपूर्वी पुण्यात ट्रान्सप्लांट झालं. किडनी हिची, म्हणजे त्याच्या आईची. आम्ही सांगलीकडचे.

इतके दिवस क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ, किडनी मंदावली की वाढतो) ०.५ होतं. गेल्या महिन्यात मामाच्या लग्नात काहीतरी खाल्लं, जुलाब लागले, टॅक्रोची (टॅक्रोलिमस, शरीराने किडनी नाकारू नये म्हणून रोज द्यायचं औषध) रक्तातली लेव्हल ११ वर गेली आणि क्रिएटिनिन ०.७. डोस कमी केला, पाणी पाजलं, लेव्हल ६ वर आली. क्रिएटिनिन तिथंच बसलंय. लॅबच्या कागदावर त्यापुढे खूणसुद्धा नाही, कारण रेंज मोठ्या माणसांची. मीही निर्धास्त होतो. मग डॉक्टरांनी हिशोब मांडून दाखवला: उंची ११२ सेंमी गुणिले ०.४१३, भागिले क्रिएटिनिन. म्हणजे किडनीची गाळायची ताकद ९२ वरून ६६. पोटात गोळा आला.

ते म्हणतात बायोप्सी करू, म्हणजे सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून तपासू. पहिल्या बायोप्सीनंतर दोन दिवस लाल लघवी होत होती. सहा तास उताणं निजवायचं होतं, आम्ही दोघं आळीपाळीने त्याचे हात धरून बसलो होतो. आता हॉस्पिटलचं गेट दिसलं की पोरगं गाडीतून उतरत नाही. दुसरा काही मार्ग आहे का विचारलं, तर रक्तात दात्याचा डीएनए किती आहे ते मोजायची तपासणी आहे म्हणाले. महाग आहे, नमुना बाहेर पाठवावा लागतो. पैशाचं बघून घेऊ. पण १ टक्क्याच्या खाली आलं तर बायोप्सी टाळता येईल का? आणि आईचीच किडनी असल्यावर दोघांचा डीएनए वेगळा ओळखतात तरी कसा?

नेफ्रॉन:
मुलाला मी पाहिलेलं नाही, त्यामुळे निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. तपासणीबद्दल तेवढं सांगतो.

किडनीतल्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात आणि तास-दोन तासांत निम्म्याहून कमी उरतात. म्हणून तो आकडा ताजा असतो. क्रिएटिनिन नेहमी उशिरा बोलतं. मोठ्या माणसाची किडनी लहान मुलाला बसवलेली असली तर आणखीच उशिरा, कारण तिच्यात राखीव ताकद भरपूर. आईचा निम्मा डीएनए मुलात असतोच, पण उरलेल्या निम्म्यातल्या फरकाच्या जागा मोजायला पुरतात. फॉर्मवर दाता आई आहे हे मात्र ठळक लिहा, हिशोब त्यावर बदलतो.

आता १ टक्का. २०१७ मध्ये अमेरिकेत झालेल्या अभ्यासातून ही रेघ आली. १ टक्क्याखाली असलेल्यांपैकी ८४ टक्क्यांना रिजेक्शन (शरीराने नवी किडनी परकी समजून तिच्यावर केलेला हल्ला) नव्हतं, म्हणजे १६ टक्क्यांना होतं. अँटीबॉडीमुळे होणारं रिजेक्शन ही तपासणी चांगलं पकडते, पेशींमुळे होणारं सौम्य रिजेक्शन निसटू शकतं. शिवाय टक्का म्हणजे भागाकार. मुलाला ताप किंवा इन्फेक्शन असेल तर त्याचा स्वतःचा डीएनए वाढतो आणि आईचा टक्का उगाच कमी दिसतो. उलट छोट्या शरीरात मोठी किडनी असल्यामुळे तो मुळातच थोडा वर असू शकतो. त्यामुळे नुसता टक्का नको, दर मिलिलिटरला आईच्या डीएनएच्या किती प्रती तेही मिळेल का विचारा.

आकडा वर आला तरी कारण कळत नाही. रिजेक्शन, बीके व्हायरस (ट्रान्सप्लांटच्या किडनीला त्रास देणारा विषाणू), किडनीतलं इन्फेक्शन, काहीही असू शकतं. ते बायोप्सीच सांगते. माझं मत: तब्येत चांगली असताना दर काही महिन्यांनी करून त्याची स्वतःची पातळी कळण्यासाठी ही तपासणी उत्तम. क्रिएटिनिन वाढून अडकलेलं असताना नुसत्या खालच्या आकड्यावर निजू नये. डीएसए (दात्याच्या किडनीविरुद्धच्या अँटीबॉडी) आणि बीकेचा पीसीआर (रक्तात तो विषाणू शोधायची तपासणी) झालाय का?

दोनदा आई:
दादा, माझ्या मुलीचंही ट्रान्सप्लांट झालंय. रक्त साध्या जांभळ्या झाकणाच्या नळीत घेऊ देऊ नका. प्रवासात मुलाच्या पांढऱ्या पेशी फुटतात आणि आकडा खोटाच कमी येतो. खास नळी मागवा, आणि किती मिली लागणार तेही आधी विचारा, एवढ्याशा पोराचं रक्त आहे. आणखी एक: पीयूव्हीच्या मुलांचं मूत्राशय नीट रिकामं होत नाही, आणि तुंबलेल्या लघवीचा ताण किडनीवर येतो. शाळेत शू दाबून धरतो का?

धागाकर्ता:
ताई, आत्ता त्याला विचारलं. शाळेतला संडास घाण असतो म्हणून सकाळी आठ ते दुपारी दोन जातच नाही म्हणाला. दोन वर्षांत आम्ही एकदाही विचारलं नव्हतं. डॉक्टरांना फोन केला. उद्या लघवीच्या आधी आणि नंतर सोनोग्राफी, लघवीचं कल्चर, बीके आणि डीएसए. त्यानंतर पाच दिवसांनी क्रिएटिनिन, तरीही ०.७ असलं तर बायोप्सी, यावेळी पूर्ण भूल देऊन. डीएनएची तपासणी बायोप्सीच्या आधी करून ठेवू, कारण सुई टोचल्यावर आकडा वाढतो म्हणे. ती खास नळी सांगली-कोल्हापूरकडे कुठे मिळते का, कुणाला माहीत असेल तर कळवा.