उद्याचा डबा आज रात्री : सोय की शिळं?

बदलापूरकर

परवा नात्यातल्या एक बाई घरी आल्या होत्या. पाण्यासाठी फ्रीज उघडला, कणकेचा डबा दिसला आणि मुलांच्या देखत म्हणाल्या, "शिळ्या कणकेच्या पोळ्या घालतेस होय यांना?" मोठ्या माणसांना उलट बोलायची सवय नाही, म्हणून तिथे गप्प बसले. पण विषय मनातून जात नाही, कारण तो माझ्या एकटीचा नाही. कर्जत-कसाऱ्यापासून विरार-डहाणूपर्यंत राहून मुंबईत नोकरी करणाऱ्या प्रत्येक घरातला आहे.

बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. फास्ट मिळाली तरी दीड तासाच्या आसपास. साडेनऊचं मस्टर गाठायचं तर सातलाच घर सोडावं लागतं, बसायला जागा हवी असेल तर त्याच्याही आधी. त्यात मुलांची शाळेची बस. सगळं ताजंच हवं म्हटलं की गजर साडेचारचा लागतो आणि रात्री अकराच्या आत कुणाची पाठ टेकत नाही. ही झोप वर्षानुवर्षं कमी पडते. तिचा हिशेब शिळं-ताजं करणारं कुणीच मांडत नाही.

माझं स्पष्ट मत: रात्री तयारी करून ठेवण्यात काहीही गैर नाही. रात्री कणीक मळते, वरून तेलाचा हात फिरवते आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, वर फार रिकामी जागा राहणार नाही अशी ठेवते. सकाळी उठल्या उठल्या तो डबा बाहेर काढायचा, मग चहा-आंघोळ. तोवर कणीक सैल होते. गवार, घेवडा रात्रीच मोडून ठेवते. भेंडी रात्री धुऊन फडक्यावर पसरते आणि सकाळी कोरडी चिरते, म्हणजे तार सुटत नाही. लसूण रविवारीच सोललेला असतो. फोडणी मात्र सकाळीच. अर्ध्या-पाऊण तासात चार डबे भरून होतात. याला शिळं म्हणायचं का?

कोथिंबीर

बदलापूरकर, तुमची ओढाताण कळते. मी स्वतः नोकरी करून दोन मुलं वाढवली, तेव्हा घरात फ्रीजही नव्हता. तरीही मला हे पटत नाही.

सकाळी अकराला फ्रीजच्या कणकेची आणि ताज्या कणकेची पोळी शेजारी ठेवा आणि दोन वाजता पुन्हा बघा. ताजी पोळी घडी उलगडताना मऊ असते, दुसरी कडेने वातड झालेली असते. मुलं पोळी अर्धी टाकून डबा परत आणतात आणि आपण म्हणतो, हल्ली खातच नाहीत. कणीक मळायला दहा मिनिटं लागतात. तेवढ्यासाठी चव का घालवायची?

वेळ वाचवायचाच असेल तर तो पदार्थांत वाचवा. पोळी, सुकी भाजी, कोशिंबीर, वर चटणी, शिवाय मधल्या सुट्टीचा वेगळा डबा, हा पसारा कशासाठी? आमच्याकडे पोळी आणि एक भाजी, बस. तोंडी लावायला जवसाची, कारळाची नाहीतर शेंगदाण्याची चटणी. या चटण्या एकदा कुटल्या की पंधरा दिवस बाहेर राहतात आणि त्यांना कुणी शिळं म्हणत नाही, कारण त्या टिकण्यासाठीच केलेल्या असतात. मेतकूट, भाजणी, लोणचं, सांडगे, सगळं तसंच. टिकणारं टिकवा आणि ताजं खायचं ते ताजंच करा. आपल्या स्वयंपाकघरात ही विभागणी पूर्वीपासून आहे, फ्रीज आला म्हणून ती मोडू नये.

भट्टीवाला

मी हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करतो. आमच्याकडे अर्धं काम आदल्या दिवशीच होतं, नाहीतर गिऱ्हाईकाला ताट वेळेवर जाणारच नाही. त्यामुळे "रात्री केलं म्हणजे वाईट" हे मला मान्य नाही. पण चर्चा चवीवरच अडकली आहे, त्यापेक्षा मोठी गोष्ट राहून जातेय.

भातापासून सुरुवात करतो. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवल्यावरही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत ओट्यावर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलट्या करवणारं विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. म्हणजे रात्रभर ओट्यावर झाकून ठेवलेल्या भाताला सकाळी खमंग फोडणी दिली की तो सुरक्षित झाला, हा समज चुकीचा आहे. भात उरवायचाच असेल तर पसरट ताटात काढून वाफ जाऊ द्यायची आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवायचा. सकाळी घरीच कडकडीत गरम करून खायचा. डब्यात घालून दुपारपर्यंत नेऊ नका.

आमच्या कामातला नियम असा: थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली, गरम ६० अंशांच्या वर. मधला पट्टा धोक्याचा. मे महिन्यात लोकलच्या रॅकवर चार तास पडलेला डबा याच पट्ट्यात असतो, मग भाजी सकाळी केलेली असो की रात्री. कोथिंबीरताईंची ताजी भाजीसुद्धा वाफाळती असताना झाकण लावलं की आत पाणी सुटतं आणि दुपारी आंबूस वास येतो. पाच मिनिटं उघडी ठेवा, मग झाकण लावा. ओल्या नारळाची चटणी आणि भरपूर ओलं खोबरं घातलेली उसळ उन्हाळ्यात डब्यात नकोच.

कणीक फ्रीजमध्ये एक दिवस छान राहते. आंबट वास आला तर टाकून द्या. काळपट झाली म्हणून लगेच घाबरू नका. कोंड्यातल्या विकरामुळे, हवा लागली की रंग बदलतो. तेलाचा हात त्यासाठीच असतो.

कोथिंबीर

भट्टीवाला, वाफेचं म्हणणं पटलं. पण हॉटेल आणि घर यांची तुलना नको. तुमच्याकडे पदार्थ गिऱ्हाईकासमोर गरम होऊन जातो. आमचा डबा दुपारी शाळेच्या बाकावर गारच उघडला जातो. म्हणूनच तो करताना जास्तीत जास्त ताजा हवा.

डोंबिवली फास्ट

मला आश्चर्य वाटतं की अजून पोळीभाजी केंद्राचं नाव कुणीच काढलेलं नाही. आमच्या भागात दर दोन गल्ल्यांआड एक आहे. बायको ठाण्याला नोकरी करते, मी अंधेरीला. आम्ही पोळ्या रोज संध्याकाळी विकतच आणतो, भाजी घरी करतो. पोळ्या करणाऱ्या काकूंचं घरही त्यावर चालतं. यात कमीपणा कसला?

नेरळची

कमीपणा नाहीच, पण डोंबिवली फास्ट, संध्याकाळी आणलेल्या पोळ्या दुसऱ्या दिवशी दुपारी खाता म्हणजे तुमची पोळी बदलापूरकरांच्या पोळीपेक्षा बारा-चौदा तासांनी जुनी. त्यावर मात्र कुणी नाक मुरडत नाही. बाईने घरी रात्री तयारी केली की ते शिळं, आणि पैसे देऊन आणलं की ती सोय. हा फरक मला खटकतो.

दुसरं. मुंबईत १८९० च्या सुमाराला डबेवाल्यांची पद्धत सुरू झाली, ती का? कामावर जाणारा माणूस लवकर निघायचा आणि डबा मागाहून यायचा. म्हणजे ताज्या डब्यामागे दहा वाजेपर्यंत घरात स्वयंपाक करणारं कुणीतरी आहे, हे गृहीतच होतं. आता ते कुणीतरी स्वतःच सातच्या गाडीत उभं आहे. अपेक्षा मात्र तीच राहिली.

संध्याकाळी लेडीज डब्यात बघा. मांडीवर पिशवी, पिशवीत मेथीची जुडी, पानं खुडून एका बाजूला आणि देठं दुसऱ्या पिशवीत. शेजारची अनोळखी बाईसुद्धा चार मटार सोलू लागते. मला त्या बायकांबद्दल फार आदर आहे. पण कौतुक करून विषय संपवू नका. जनरल डब्यात मेथी निवडताना मी तरी कुणाला पाहिलेलं नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यातला दिवसाचा सरासरी वेळ २८९ मिनिटं आहे, पुरुषांचा ८८. डबा रात्री करायचा की पहाटे, हा प्रश्न दोनशे मिनिटांच्या या फरकातून आलाय.

डोंबिवली फास्ट

सर्वेक्षण बरोबर असेल, पण सगळ्या पुरुषांना एकाच मापाने मोजू नका. रात्री भांडी मी घासतो, भाजी मीच चिरतो. आणि विकतच्या पोळ्यांचं म्हणाल तर मी त्या ताज्याच आहेत असं म्हटलेलं नाही. आम्हाला चालतात, म्हणून आणतो.

नेरळची

चांगलं करता. मग मुलांच्या मित्रांच्या घरी, तुमच्या ऑफिसात हे मोकळेपणाने सांगा. बदलापूरकरांना त्या पाहुण्या बाईंनी विचारलेला प्रश्न त्यांच्या नवऱ्याला कुणी विचारला असता का?

बदलापूरकर

सगळ्यांचं वाचलं. नेरळची, यांना तो प्रश्न कधीच विचारला गेला नाही, हे खरं आहे. आमच्याकडे यापुढे रात्रीची कणीक ते मळणार आणि भाज्या मी बघणार, असं ठरलंय. पहिल्या दिवशी कणीक सैल झाली तरी मी हात घालणार नाही, कारण एकदा घातला की ते काम कायमचं माझ्याकडे येतं.

कोथिंबीरताई, एक भाजी आणि एक कोरडी चटणी, हे तुमचं म्हणणं मी घेतेय. जवसाची चटणी मुलं खातात. पण कणकेबाबत मी माघार घेणार नाही. पोळी वातड होते ती बहुतेक वेळा कणीक फ्रीजमधून काढून तशीच गार लाटल्यामुळे. अर्धा तास बाहेर ठेवून पुन्हा नीट तिंबली आणि तवा चांगला तापवून पटकन भाजली तर फरक माझ्या घरात तरी कुणाला कळत नाही. भात आम्ही डब्यात नेत नाही, पण ओट्यावरच्या भाताचं सासूबाईंना आजच सांगते.

कोथिंबीर

दहा मिनिटांसाठी इतका खटाटोप, असं मला अजूनही वाटतं. पण कणीक मळताना पाण्याऐवजी थोडं कोमट दूध घालून बघा, पोळी दुपारपर्यंत मऊ राहते. दूध घातलेली कणीक मात्र त्याच सकाळी मळा, रात्रीच्या कणकेत दूध नको.

भट्टीवाला

दुधाबद्दल ताईंशी सहमत. आणि पोळ्या भाजल्यावर लगेच डब्यात भरू नका. जाळीवर किंवा सुती फडक्यावर दोन मिनिटं ठेवा, मग तूप लावून घडी घाला. खालची पोळी ओली होऊन चिकटत नाही.