मदत हवी आहे: दोन अ‍ॅम्प्लिफायरची ब्लाइंड टेस्ट घरच्या घरी कशी जमवावी?

नमस्कार मंडळी. मी परभणीचा. आमच्या श्रवण मंडळाचा जुना, जड ट्रान्सफॉर्मरवाला अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करावा की छोटा क्लास-डी (हलका, कमी तापणारा नव्या प्रकारचा अ‍ॅम्प्लिफायर) घ्यावा, यावरून दोन तट पडलेत. जुन्यावर तानपुरा भरून येतो, असं ज्येष्ठांचं ठाम मत. तरुणांना फरकच वाटत नाही. कोणता वाजतोय हे न सांगता ऐकायचं आणि मग ठरवायचं, इथवर एकमत झालंय. पैसा वर्गणीचा आहे, म्हणून निकाल खरा लागावा अशी मनापासून इच्छा आहे.

सगळ्यात जास्त घोळ आवाज जुळवण्यात होतोय. जरासा मोठा वाजणारा कानाला सरस वाटतो, त्यामुळे फरक ०.१ डेसिबलच्या आत हवा. म्हणजे स्पीकरच्या टर्मिनलवर एकाचे २.०० व्होल्ट असतील तर दुसऱ्याचे फार तर २.०२. जुन्याचं बटण केसभर हललं की आकडा थेट २.०९ वर जातो, आणि डावा जुळवला की उजवा बिघडतो. मल्टीमीटर साधा आहे. १ किलोहर्ट्झच्या चाचणीच्या सुराला तो अचूक नसला तरी दोन्हींना तोच लावला तर चालेल ना?

अदलाबदलीसाठी रिले (विजेवर चालणारा स्विच) बसवतोय. क्लास-डीचं आउटपुट ब्रिज्ड आहे, म्हणजे दोन्ही वायरींवर सिग्नल असतो, काळी वायर ग्राउंड नाही, म्हणून रिलेने दोन्ही वायरींचा जोड तोडावा लागणार. दोन आउटपुट क्षणभरही एकमेकांना भिडता कामा नयेत. पण अ‍ॅम्प्लिफायर बदलला तरच रिले 'टक्' वाजते, तोच राहिला तर गप्प! ऐकणाऱ्याला तिथेच कळतं. दर वेळी मुद्दाम दोनदा टक् करावं, की डबा शेजारच्या खोलीत ठेवावा? बटण दाबणाराही नाणेफेक करून, पडद्याआड बसवणार आहे. समोर असला तर त्याचा चेहराच सांगतो.

उन्हाचं तर विचारूच नका. पंखा बंद केला की घामाच्या धारा, चालू ठेवला की तानपुऱ्याची बारीक जवारी बुडते. पहाटे बसलं तर वर्दळही नसते, पण वयस्कर माणसं इतक्या लवकर येतील का, ही शंका आहे.

शेवटचं विचारायचं ते मोजणीचं. प्रत्येकी १६ फेऱ्या धरल्यात. नुसत्या अंदाजाने १२ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी, म्हणून १२ ही रेघ. सत्तरीतल्या माणसाचा कान सलग १६ फेऱ्यांत थकतो. आठ-आठ करून दोन दिवसांत घेतल्या तर चालतील का? आणि दहा जण बसले नि एखाद्यालाच १२ आले, तर ते खरं ऐकणं धरायचं की योगायोग? कुणी प्रत्यक्ष अशी चाचणी घेतली असेल तर कृपया सविस्तर लिहा.