कॅम्परचं वायरिंग : बॅटरीजवळ फ्यूज की ब्रेकर? मदत हवीये

मंडळी, ट्रॅव्हलर गाडीचा कॅम्पर (आत राहता येईल अशी गाडी) करतोय. मागची सिस्टीम गाडीच्या बॅटरीपासून पूर्ण वेगळी आहे. १२ व्होल्ट १०० एएच लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, तिचं बीएमएस (बॅटरीला जपणारं सर्किट) १०० अँपिअरचं, १००० वॉटचा इन्व्हर्टर, १२ व्होल्टचा फ्रिज, पंप, एलईडी लाइट. सोलर सध्या नाही.

छोट्या लाइनींचं झालंय, ब्लेड फ्यूज बॉक्स लावलाय, लाइटला ५, पंपाला १०, फ्रिजला १५. फ्यूज वायर वाचवायला असतो, उपकरण नाही, एवढं कळलंय, त्यामुळे वायरच्या जाडीप्रमाणे घेतलेत.

अडलंय मेनपाशी, म्हणजे बॅटरीपासून इन्व्हर्टरकडे जाणाऱ्या मुख्य लाइनपाशी. फुल लोडला इन्व्हर्टर ९०-९५ अँपिअर ओढणार, केबल २५ स्क्वेअर एमएम तांब्याची, लांबी दीड मीटर. इलेक्ट्रिशियन म्हणतो घरातली ६३ अँपिअरची एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा ब्रेकर) टाकतो, सगळे तेच टाकतात. पण एसीत करंट दर सायकलला दोनदा शून्यावर येतो म्हणून ब्रेकर उघडताना पडणारी ठिणगी विझते, डीसीत तसं होत नाही ना, शिवाय ६३ वर ती सारखी पडणार ते वेगळंच. ऑनलाइन स्वस्तातले डीसी ब्रेकर बघितले तर त्यावर ब्रेकिंग कपॅसिटीच (जास्तीत जास्त किती करंट सुरक्षित तोडू शकतो तो आकडा) छापलेली नाही, आणि लिथियम शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर सोडते म्हणतात. फ्यूजमध्ये दुकानात एएनएल प्रकारचा मिळतोय, क्लास टी (जास्त मोठा शॉर्ट करंट तोडणारा प्रकार) मात्र मागवावा लागेल आणि महाग आहे.

बंद करायला वेगळा आयसोलेटर स्विच टाकायची तयारी आहे, म्हणून ब्रेकरच पाहिजे असं नाही. तर एवढ्या एका बॅटरीला १२५ चा एएनएल पुरेल का क्लास टीच घ्यावा लागेल?