जुनी नेपाळी खुकरी: पात्यावरचा घट्ट ग्रीस कसा काढायचा?

प्रश्न: राणा काळातली खुकरी आहे. पात्यावर काळपट ग्रीसचा थर, मूठ शिंगाची, किंचित हलते. गरम पाण्यात उकळून काढू का?

प्रतिसाद १: उकळू नका! पात्याचा दांडा मुठीत लाह्याने (लाखेसारख्या राळेने) बसवतात. उष्णतेने हा लाहा मऊ पडून मूठ निखळते, शिवाय शिंगाला तडे जातात. पात्याला रॉकेलचं फडकं गुंडाळून रात्रभर ठेवा, मूठ कोरडी राहू द्या. सकाळी बांबूच्या चपट्या काडीने थर खरवडा. गंज उरला तर ०००० नंबरचं स्टील वूल आणि तेल, हलक्या हाताने.

प्रतिसाद २: पॉलिश पेपर आणि ग्राइंडर अजिबात नको. पात्याचा कणा (धारेसमोरची जाड कड) आधी नीट बघा. तिथे देवनागरी अक्षरं ठोकलेली असू शकतात, आपल्याला थेट वाचता येतात. ‘श्री ३’ दिसलं तर ती राणा पंतप्रधानांची पदवी (राणा राजवट: १८४६–१९५१). घासलं की ओळख कायमची गेली. ग्राइंडरने धार तापली तर तिचं पाणीही उतरतं. कडकपणा फक्त धारेलाच दिलेला असतो.

प्रतिसाद १: बरोबर. आणि नंतर कातडी म्यानात ठेवू नका, कातडं ओल धरतं. म्यानातला कर्दा (छोटा सुरा) आणि चकमक (धार लावायची, ठिणगी पाडायची बोथट पोलादी पट्टी) हेही तेल लावून वेगळे ठेवा.