जुन्या ऑप्टिप्लेक्सला कोणतं ग्राफिक्स कार्ड घालू?

मिरज, डीटीपीचं दुकान:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे डेल ऑप्टिप्लेक्स ७९० कॉम्प्युटर आहे, बुटकं कॅबिनेट, आय५-२४०० प्रोसेसर. लग्नपत्रिका, अहवाल, सगळं यावरच होतं. मशीन दणकट आहे, काढायचं मनात नाही. आता २७ इंची फोर-के मॉनिटर आणलाय, पण बोर्डावरच्या डिस्प्लेपोर्टमधून (मॉनिटर जोडायच्या सॉकेटमधून) २५६०×१६०० ठिपक्यांच्या वर जात नाही, अक्षरं धूसर दिसतात. जुन्या पद्धतीच्या अ‍ॅनालॉग व्हीजीए जोडणीचा मॉनिटरही शेजारी हवाच. दुकानदार म्हणतो, जीटी ७१० घ्या. घेऊ का? बॅकअपचा जुना टॉवर सर्व्हर आहे, त्यालाही कार्ड लागेल का?

पुणे, हार्डवेअर दुरुस्ती:
दादा, जीटी ७१० नका घेऊ. १९ वॉटचं थंड कार्ड आहे, व्हीजीएसुद्धा मिळतं, पण एचडीएमआयवर फोर-के फक्त ३० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ३० चित्रं, देतं. दिवसभर माउस ओढणाऱ्याला ते सोसत नाही.
तुमच्या कामाला क्वाड्रो पी४०० बरं. ३० वॉट, वेगळी पॉवर केबल नको, तीन मिनी डिस्प्लेपोर्ट, फोर-के ६० हर्ट्झला. सेकंडहँड घेताना कार्ड कॅबिनेटला अडकवायची आखूड पट्टी (ब्रॅकेट) सोबत आहे ना, ते आधी विचारा. लांब पट्टी तुमच्या कॅबिनेटात बसणारच नाही. जुन्या मॉनिटरसाठी मिनी डिस्प्लेपोर्ट ते व्हीजीए अ‍ॅडॉप्टर घ्या. आणि कार्ड घालण्याआधी बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) शेवटच्या आवृत्तीवर आणा.
सर्व्हरवर पैसे घालू नका. अशा बोर्डावर बहुतेक मॅट्रॉक्स जी२०० जातीची साधी ग्राफिक्स चिप असते. बॅकअपला तेवढी पुष्कळ.

नाशिक:
जीटी १०३० सुद्धा ३० वॉटचंच आहे, पण खोक्यावर जीडीडीआर५ (मेमरीचा वेगवान प्रकार) लिहिलंय का बघा. डीडीआर४ वालं त्याच नावाने विकतात आणि मेमरीचा वेग ४८ वरून १६.८ जीबी प्रतिसेकंदावर येतो. त्याच्या डीव्हीआय सॉकेटमधून साध्या कन्व्हर्टरने व्हीजीए निघत नाही. चपट्या पिनेभोवतीच्या चार बारीक पिनांची भोकंच त्यात नसतात.

मिरज, डीटीपीचं दुकान:
तेच कन्व्हर्टर ड्रॉवरमध्ये पडून होतं, आता कळलं का चालत नव्हतं! पी४०० आलं. दुकानदाराने लांब पट्टीचंच दिलं होतं, परत पाठवून आखूड मागवली. आज बसवलं. पत्रिकेतला रफार आणि अनुस्वार झूम न करता वेगळे दिसतात. व्हीजीएवर टूल्सच्या पट्ट्या आहेत. मनापासून आभार.